प्रश्न विचारायचा कुणाला?

मूल शाळेत जाऊ लागले की त्याला जगाची ओळख होते, असा सर्वसाधारण समज आहे. नकाशा, पृथ्वीगोल आणि भूगोलाचे पुस्तक ही त्या ओळखीची साधने मानली जातात. प्रत्यक्षात घराबाहेरच्या जगाविषयीचे कुतूहल शाळेच्या कितीतरी आधी, मूल नीट बोलूही लागलेले नसते तेव्हा सुरू होते. शाळेच्या हाती ते आयतेच येते. तरीही पाचवी-सहावीपर्यंत अनेक मुले वर्गात प्रश्न विचारायची थांबतात. मधल्या वर्षांत काय घडते, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

साधारण नऊ ते चौदा महिन्यांच्या दरम्यान मूल बोट दाखवू लागते. काही वेळा त्याला ती वस्तू हवी असते. पण कठड्यावर बसलेल्या कावळ्याकडे किंवा आकाशातल्या चंद्राकडे बोट दाखवणाऱ्या मुलाला कावळा हातात नको असतो. ते आधी कावळ्याकडे पाहते, मग आईच्या चेहऱ्याकडे आणि पुन्हा कावळ्याकडे. आपण पाहतो आहोत तेच हीसुद्धा पाहते आहे ना, याची ते खात्री करून घेते. मानसशास्त्रात याला जॉइंट अटेन्शन, म्हणजे सामायिक अवधान म्हणतात. आपल्याकडच्या आज्या 'काऊ बघ, चिऊ बघ' म्हणत जेवणाचे घास भरवतात, तेही याच वयात. कुतूहलाचा आरंभ असा तिघांमध्ये होतो : मूल, वस्तू आणि दुसरे माणूस. पुढच्या सगळ्या विवेचनात हे तिसरे माणूस महत्त्वाचे ठरणार आहे.

याच वयातल्या मुलांविषयी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील एमी स्टाल आणि लिसा फायगेन्सन यांनी २०१५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. अकरा महिन्यांच्या मुलांपुढे एक चेंडू घरंगळत भिंतीकडे गेला आणि जणू भिंतीतून आरपार निघाला. दुसऱ्या काही मुलांनी खेळण्यातली मोटार फळीच्या कडेवरून पुढे जाऊन हवेत तरंगताना पाहिली. दोन्ही अर्थातच करामती होत्या. नंतर ती खेळणी मुलांच्या हातात दिली. चेंडू आरपार गेलेला पाहणारी मुले तो आपटून पाहत होती आणि मोटार तरंगताना पाहणारी मुले ती खाली टाकून पाहत होती. चेंडू खरोखर टणक आहे का आणि मोटार खरोखर पडते का, हेच त्यांना तपासायचे होते. जग कसे चालते याविषयी मुलाच्या मनात काही अपेक्षा तयार झालेली असते. ती मोडली की शोध सुरू होतो.

म्हणजे कुतूहलाला आधी थोडे ज्ञान लागते. अर्थशास्त्र आणि मानसशास्त्र या दोन्ही विषयांत काम केलेले जॉर्ज लोवेन्स्टाइन यांनी १९९४ मध्ये याला 'इन्फर्मेशन गॅप', म्हणजे माहितीतली फट, असे नाव दिले. आपल्याला जे ठाऊक आहे आणि जे जाणून घ्यावेसे वाटते, त्यांच्यातील अंतर लक्षात आले की माणूस अस्वस्थ होतो. ज्या विषयाचे काहीच ठाऊक नाही, त्याविषयी प्रश्नही पडत नाही. समुद्र कधीच न पाहिलेल्या आणि त्याविषयी काही न ऐकलेल्या मुलाला भरती-ओहोटीचा प्रश्न पडणार नाही. आपल्या विहिरीचे पाणी उन्हाळ्यात खाली जाते हे पाहिलेले मूल मात्र ते पाणी कुठे गेले, हे नक्की विचारील.

बोलता येऊ लागले की या फटीतून प्रश्न बाहेर पडतात. बार्बरा टिझार्ड आणि मार्टिन ह्यूज या संशोधकांनी लंडनमधील जेमतेम चार वर्षांच्या तीस मुलींची संभाषणे ध्वनिमुद्रित केली. मुलींच्या अंगावरच्या झग्यात लहानसा मायक्रोफोन बसवलेला असे. त्या घरी आईशी काय बोलतात आणि बालवाडीत शिक्षिकेशी काय बोलतात, हे त्यातून कळले. १९८४ मध्ये त्यांचे पुस्तक आले. त्यातला एक प्रसंग खिडक्या पुसायला येणाऱ्या माणसाचा आहे. त्याला पैसे द्यायचे आहेत, असे आई म्हणते. का द्यायचे, असे मुलगी विचारते. त्याने काम केले म्हणून, असे आई सांगते. पण मुलीच्या डोक्यात पैसे कोण कुणाला देते याचा घोळ आहे. तो माणूसच आपल्याला पैसे देतो, असे तिला वाटते. ती पुन्हा पुन्हा विचारते, आई पुन्हा पुन्हा समजावते. काम, मोबदला, अनोळखी माणसाचा आपल्या घराशी असलेला व्यवहार, हे सारे विस्तीर्ण जग त्या मुलीपुढे स्वयंपाकघरातच उभे राहिले होते.

अशा प्रश्नांना कंटाळून मोठी माणसे म्हणतात की पोराला फक्त लक्ष वेधून घ्यायचे असते. हे फारसे खरे नाही. मिशिगन विद्यापीठातील ब्रँडी फ्रेझियर, सुसान गेलमन आणि हेन्री वेलमन यांनी २००९ मध्ये दाखवून दिले की 'का' आणि 'कसे' विचारणारी शाळापूर्व वयातील मुले उत्तराचा दर्जा पारखतात. कारण सांगणारे उत्तर मिळाले तर ती मान्य करतात किंवा त्याच्या पुढचा प्रश्न विचारतात. नुसतेच काहीतरी बोलून वेळ मारून नेली, तर तोच प्रश्न पुन्हा विचारतात किंवा स्वतःच एखादे कारण रचतात. 'असंच असतं ते' हे उत्तर मुलाला उत्तर वाटत नाही.

घर आणि गल्ली यांच्या पलीकडचे जग समजणे मात्र सोपे नसते. झाँ पियाजे आणि आन-मारी वेल यांनी १९५१ मध्ये जिनिव्हातील मुलांचे विचार नोंदवले. सहा-सात वर्षांची मुले सांगत की आपण जिनिव्हाचे आहोत, म्हणून आपण स्विस नाही. एकाच वेळी दोन्ही असता येते, हे त्यांना पटत नसे. जिनिव्हा आणि स्वित्झर्लंड यांची वर्तुळे त्यांना एकात एक काढता येत नसत, ती शेजारी शेजारी येत. आपल्याकडचे पहिली-दुसरीतले मूल 'आपण साताऱ्यात राहतो, महाराष्ट्रात नाही' असे म्हणाले, तर तेही त्याच वाटेवर आहे, असे समजायला हरकत नाही. महाराष्ट्रात तिसरीच्या परिसर अभ्यासाचे पुस्तक जिल्ह्यानुसार वेगळे असते आणि राज्य त्यानंतर येते. जवळून दूर जाण्याच्या या क्रमाला मुलाच्या समजुतीच्या वाढीचा आधार आहे.

पृथ्वीच्या आकाराबाबतही असेच घडते. स्टेला वोस्नियादू आणि विल्यम ब्रुअर यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील पहिली, तिसरी आणि पाचवीच्या मुलांना पृथ्वीचा आकार विचारला. गोल आहे, असे बहुतेकांनी सांगितले. मग अभ्यासकांनी विचारले, की पुष्कळ दिवस सरळ चालत राहिलो तर कुठे पोचू, पृथ्वीला कड आहे का. तेव्हा निराळीच चित्रे समोर आली. काही मुलांच्या मते पृथ्वी गोल होती, पण आतून पोकळ, आणि माणसे आतल्या सपाट भागावर राहत होती. काहींच्या मते पृथ्वी दोन होत्या, आपण राहतो ती सपाट आणि आकाशातली गोल. १९९६ मध्ये हैदराबादेतील मुलांवरचा असाच एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथल्या कित्येक मुलांची पृथ्वी पाण्यावर टेकलेली होती. घरात कानावर पडलेल्या कथा आणि शाळेत शिकवलेला गोल यांचा मेळ त्यांनी आपल्या बुद्धीने घातला होता. अशा उत्तरावर फुली मारली की विषय तिथेच मिटतो. हे चित्र तू असे का काढलेस, असे विचारले तर मूल आपला विचार उलगडून सांगते आणि त्यातली अडचण त्याची त्यालाच दिसू लागते.

कुतूहल वाढते कसे, याचे एक उत्तम उदाहरण मुंबईचे आहे. पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांचा जन्म १८९६ चा. आईवडील लहानपणीच गेल्याने ते खेतवाडीत मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी वाढले. छऱ्याच्या बंदुकीने चिमण्या टिपणे हा त्या वयातला त्यांचा उद्योग होता. एकदा पडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. नेहमीच्या चिमणीला तसा डाग नसतो, हे त्यांना ठाऊक होते. ही कुठली चिमणी, असे त्यांनी मामांना विचारले.

मामांना त्याचे उत्तर येत नव्हते. पण ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सदस्य होते. त्यांनी मुलाला गप्प बसवले नाही की अंदाजाने काही सांगितलेही नाही. संस्थेचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्या नावे परिचयपत्र देऊन त्यांनी त्याला तिकडे पाठवले. हे साल १९०८, म्हणजे सालिम अली तेव्हा अकरा-बारा वर्षांचे होते. मिलार्ड यांनी चिमणी ओळखून दिली. त्यानंतर त्यांनी संग्रहातले पेंढा भरलेले पक्षी एकेक करून दाखवले, मुंबईच्या पक्ष्यांवरचे पुस्तक वाचायला दिले आणि मृत पक्षी जतन कसा करतात, हे शिकण्याची सोय केली. एका पक्ष्याविषयीचा प्रश्न घेऊन गेलेला मुलगा परतला तेव्हा त्याच्याजवळ कितीतरी पक्ष्यांविषयीचे प्रश्न होते. मिलार्ड चिमणीचे नाव सांगूनच थांबले असते, तरी त्यात त्यांची चूक झाली असे कुणी म्हटले नसते. आमच्या मते या प्रसंगात सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट मामांची आहे. उत्तर ठाऊक नसतानाही प्रश्नाची सोय करता येते.

दुसरे उदाहरण खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांचे आहे. त्यांचे बालपण बनारसला गेले. वडील तिथल्या हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते आणि घरात मुलांसाठी फळा होता. शिकण्यासाठी त्यांच्याकडे राहायला आलेले मोरूमामा, म्हणजे मोरेश्वर हुजूरबाजार, त्या फळ्यावर एखादे कूट गणित लिहून ठेवत. वर लिहिलेले असे की हे आव्हान 'जेव्हीएन'साठी, म्हणजे जयंतसाठी आहे. गणित सुटेपर्यंत किंवा भाच्याने हार मानेपर्यंत ते पुसले जात नसे. यात शिकवणी नव्हती आणि गुणही नव्हते. न सुटलेला प्रश्न घरात डोळ्यांसमोर राहू दिला, एवढेच.

न सुटलेल्या प्रश्नाचा शिकण्यावर काय परिणाम होतो, याविषयी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत मथायस ग्रुबर आणि चरण रंगनाथ यांनी काम केले आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा प्रयोग प्रौढांवरचा आहे, पण त्यातली गोष्ट उद्बोधक आहे. एखाद्या प्रश्नाचे उत्तर जाणून घ्यायची उत्सुकता असताना मधल्या काळात दाखवलेले अनोळखी चेहरेही लोकांच्या अधिक लक्षात राहिले. त्या चेहऱ्यांचा प्रश्नाशी काही संबंध नव्हता. उत्सुकतेच्या वेळी मेंदूत डोपामिन या संदेशवाहक रसायनाशी संबंधित भाग आणि हिप्पोकॅम्पस हा स्मृतीशी संबंधित भाग अधिक कार्यरत होतात. उत्सुक मन त्या घडीला भोवतालचेही पुष्कळ टिपून घेते.

आता कुतूहल आटण्याची बाजू पाहू. लंडनच्या ज्या मुलींचा वर उल्लेख केला, त्या घरी तासाला सरासरी २६ प्रश्न विचारत होत्या. त्याच मुली बालवाडीत तासाला सरासरी दोन प्रश्न विचारत होत्या. दिवस तेच होते आणि बुद्धीही तीच होती. बालवाडी वाईट नव्हती, शिक्षिका प्रेमळ होत्या. फरक असा होता की बालवाडीत प्रश्न मोठी माणसे विचारत आणि मुलींनी उत्तरे द्यायची असत. ज्या प्रश्नांची उत्तरे शिक्षिकेला आधीच ठाऊक आहेत, असे ते प्रश्न होते. घरात आई कामात असली तरी मुलीचा कालचा दिवस तिला माहीत होता, त्यामुळे प्रश्न कुठून आला हे तिला कळत होते.

शिकवण्यानेच शोध थांबतो, असे दाखवणारा एक प्रयोगही आहे. एलिझाबेथ बोनाविट्झ, लॉरा शुल्झ आणि सहकाऱ्यांनी नळ्यानळ्यांचे एक खेळणे तयार केले होते. एक नळी ओढली की आवाज येई. बाकी भागांत दिवा, सूर आणि आरसा लपलेले होते. काही मुलांना सांगितले, 'हे खेळणे कसे चालते ते मी दाखवते', आणि आवाजाची नळी ओढून दाखवली. इतरांसमोर ती नळी जणू चुकून ओढली गेली. पहिल्या गटातील मुले तीच नळी ओढत बसली. दुसऱ्या गटातील मुलांनी खेळणे उलटेपालटे करून बाकीच्या गोष्टीही शोधल्या. बाईंनी एवढेच दाखवले, म्हणजे एवढेच असणार, हे पहिल्या गटाचे तर्कशास्त्र अगदी बरोबर होते. आणखी एका गटाला नळी दाखवता दाखवता संशोधिका मध्येच उठून गेली. त्या गटानेही पुष्कळ शोधले. अजून काही शिल्लक आहे, एवढा सुगावा पुरला. २०११ चा हा अभ्यास कुणी शिकवू नये असे म्हणत नाही. 'संपले' असा भाव ठेवून शिकवले तर काय होते, ते तो दाखवतो.

हे निष्कर्ष आपल्या वर्गावर कसे लागू पडतात, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको. धडा संपतो, खालच्या प्रश्नांची उत्तरे फळ्यावर येतात, ती वहीत उतरतात आणि परीक्षेत तशीच अपेक्षित असतात. 'ते पुढच्या वर्षी आहे' हे वाक्य प्रत्येक इयत्तेत ऐकू येते. यात शिक्षकांना दोष देऊन भागणार नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. खेड्यापाड्यांतल्या अशा शाळेत एक शिक्षक दोन-तीन इयत्ता एकत्र सांभाळतो, पोषण आहाराचा हिशेब ठेवतो आणि ऑनलाइन माहिती भरतो. सालिम अलींच्या मामांसारखी चिठ्ठी देऊन मुलाला कुठे पाठवावे, अशी जागाही जवळ नसते.

मोबाइलने ही उणीव भरून निघेल, असे अनेक पालकांना वाटते. उत्तर मिळण्याची सोय त्याने खरोखरच केली आहे आणि दूरच्या गावातल्या मुलासाठी ते लहान काम नाही. पण आधी पाहिलेल्यासारखेच पुढे दाखवायचे, या तत्त्वावर तिथल्या शिफारशी चालतात. डायनोसॉर पाहणाऱ्याला आणखी डायनोसॉर मिळतात. शिवाय मुलाने हे आत्ता का विचारले, हे त्या यंत्राला ठाऊक नसते आणि प्रश्न मनात घोळण्याआधीच उत्तर समोर येते. शेजारी मोठे माणूस बसलेले असेल, तर हाच मोबाइल उपयोगी पडतो.

जग पाहायला मिळणे आणि जगाविषयी कुतूहल वाढणे यांतला फरक महाराष्ट्रात एका ठिकाणी ढळढळीत दिसतो. दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात. त्यांच्याबरोबर मुलेही पश्चिम महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात जातात. फडाजवळच्या कोपीत राहणाऱ्या आठ-नऊ वर्षांच्या मुलाने नद्या ओलांडलेल्या असतात, काळी आणि तांबडी माती पाहिलेली असते, कन्नड पाट्या पाहिलेल्या असतात आणि साखर कारखान्याची चिमणी तर रोजचीच असते. शहरातल्या समवयस्कापेक्षा त्याचा भूगोल अनुभवाने मोठा आहे. इथली माती तांबडी का, त्या पाटीवरची अक्षरे निराळी का, हे त्याने कुणाला विचारायचे? आईवडील पहाटेपासून तोडणीवर असतात, त्याच्याकडे धाकट्या भावंडाला सांभाळायचे काम असते आणि गावाकडच्या हजेरीपटावर त्याच्या नावापुढे गैरहजेरी लागत असते. त्याला जग मिळाले, पण वर सांगितलेले तिसरे माणूस मिळाले नाही.

हे माणूस संस्थेच्या रूपानेही उभे करता येते, हे शेजारच्या मध्य प्रदेशाने दाखवले आहे. १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातील १६ सरकारी शाळांत सुरू झालेला विज्ञान शिक्षण कार्यक्रम पुढे एकलव्य संस्थेने वाढवला. मुलांच्या प्रश्नांसाठी तिथे 'सवालीराम' नावाचे एक काल्पनिक पात्र होते. गावोगावची मुले त्याला पत्र लिहीत आणि वैज्ञानिक व शिक्षक मिळून उत्तर पाठवत. हा कार्यक्रम २००२ मध्ये बंद झाला. पुण्यात नारळीकर स्वाक्षरीसाठी गर्दी करणाऱ्या मुलांना सांगत की पोस्टकार्डावर विज्ञानातला एखादा प्रश्न लिहून पाठवा, सहीसकट उत्तर देईन. आणि ते खरेच देत. आयुकासारखी खगोलविज्ञान संस्था उभारणाऱ्या माणसाने त्यासाठी वेळ काढला.

आमचे मत असे, की कुतूहल जागवण्यासाठी नवे उपक्रम आखण्याआधी मुलांचे आलेले प्रश्न घेण्याची सोय करावी. प्रत्येक जिल्ह्यात महाविद्यालये आहेत, कृषी विज्ञान केंद्रे आहेत, निवृत्त शिक्षक आहेत. जिल्हा परिषदेने त्यांतून माणसे निवडावीत आणि शाळांतून येणाऱ्या मुलांच्या पत्रांना त्यांनी नावानिशी उत्तरे द्यावीत. 'मलाही ठाऊक नाही, पण हे करून पाहा' हेसुद्धा उत्तर चालेल. शाळेच्या वेळापत्रकात आठवड्याला एक तास असा हवा, ज्यात प्रश्न फक्त मुलांनी विचारायचे आणि न सुटलेला प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात आठवडाभर राहू द्यायचा. दोन शिक्षकी शाळेत हा तास खरोखर व्हायचा असेल, तर तेवढ्या वेळाचे माहिती भरण्याचे काम शिक्षकाकडून काढून केंद्र पातळीवर द्यावे लागेल. ऊसतोडीच्या हंगामात कारखाना परिसरातील शाळांनी टोळ्यांबरोबर आलेल्या मुलांना वर्गात बसवून घ्यावे आणि तिसरीच्या भूगोलाला त्यांच्या प्रवासापासून सुरुवात करावी. कुठून निघालात, वाटेत कोणती नदी लागली, माती कुठे बदलली, हे वर्गातली इतर मुले त्यांनाच विचारतील. यंदाचा गाळप हंगाम सुरू होण्यापूर्वी साखर आयुक्तालय आणि शिक्षण विभाग यांनी एकत्र बसून या शाळांची यादी तयार करावी.